जीप, जुगाड आणि मामाचा गार्ड

मंडळी, एक कबुली देऊन टाकतो. चाळिशी जवळ आली की माणसं एकतर मॅरेथॉन पळायला लागतात नाहीतर एसयूव्ही घेतात. मी दुसऱ्या गटातला. ऑफिसमधला एक मित्र जर्मनीला निघाला, त्याची दहा वर्षं जुनी डिझेल गाडी मला मिळाली. बायको म्हणाली, "एवढी मोठी गाडी, आणि जाणार कुठे? हिंजवडी!" मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही असं दाखवलं.

गाडी आली की पुढचा आजार येतो, तो म्हणजे "हिला थोडं काहीतरी करूया का?" मग दोन-तीन रात्री व्हिडिओ बघण्यात गेल्या आणि गेल्या महिन्यात एका शनिवारी मी नाना पेठेत हजर झालो. दुकानदाराने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि यादी सुरू केली. पुढे बुल गार्ड, टपावर एलईडी बार, मोठे टायर, बाजूला स्नॉर्केल. "साहेब, गाडीला लुक येईल!" त्यातल्या त्यात स्वस्त आणि डोळ्यांत भरणारा गार्डच होता. काळा, जाडजूड पाइप, तासाभरात बसवून मिळणार. मी जवळजवळ हो म्हणालोच होतो.

पण हो म्हणायच्या आधी मामाला फोटो पाठवला. माझा मामा पाटण तालुक्यातला. आयुष्यभर जीप चालवली आणि तेवढीच दुरुस्त केली. दहा मिनिटांत त्याचा आवाज आला, "आरं, गाडी झ्याक हाय. पन म्होरं त्ये लोखंड कशापायी? तुज्या पुण्यात म्हशी आडव्या येत्यात व्हय?"

मी गार्ड न घेता घरी आलो. का, ते शेवटी सांगतो. पण त्या प्रश्नाने डोक्यात भुंगा सोडला, की गाडीला घरच्या घरी, स्वस्तात काहीतरी जोडायची ही खोड सुरू कुठून झाली? दोन-तीन वीकेंड वाचण्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर.

वाळूतले जुगाडू

एसयूव्ही हा शब्दही नव्हता तेव्हाची गोष्ट. १९२०च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणुकीवर असलेला रॅल्फ बॅग्नोल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी सुट्टीत साध्या फोर्ड मोटारी घेऊन वाळवंटात भटकायचा. म्हणजे आपल्यासारखाच वीकेंडवाला. फरक एवढाच की याचा वीकेंड लिबियाच्या वाळवंटात जायचा, जिथे गाडी बंद पडली तर टो करायला कुणी येत नाही.

त्याच्यापुढे दोन अडचणी होत्या. पहिली पाण्याची. इंजिन तापलं की रेडिएटरमधलं पाणी वाफ होऊन उडून जायचं, आणि वाळवंटात ते परत आणणार कुठून? त्याने रेडिएटरच्या ओव्हरफ्लोची नळी एका पाण्याच्या डब्यात सोडली आणि डबा गाडीच्या बाजूला बसवला. वाफ डब्यात जाऊन थंड व्हायची, पुन्हा पाणी व्हायची. गाडी थांबून इंजिन गार झालं की आतल्या निर्वातामुळे ते पाणी आपोआप रेडिएटरमध्ये ओढलं जायचं. एक डबा, एक नळी, झालं काम! आपल्या आजच्या गाडीत कूलंटची जी प्लॅस्टिकची बाटली असते, तिची कल्पना याच जातीची.

दुसरी अडचण म्हणजे वाळूत रुतणं. यासाठी त्याला कैरोच्या एका भंगारवाल्याकडे पन्हाळीच्या आकाराचे जाड पोलादी पत्रे सापडले. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालायला बनवलेले, आता कुणाला नको असलेले. चाकाखाली पत्रा सरकवायचा, गाडी पुढे काढायची, पत्रा उचलायचा, पुन्हा पुढे टाकायचा. आज दुकानात रंगीत प्लॅस्टिकच्या 'रिकव्हरी ट्रॅक'ची जोडी जी चांगल्यापैकी किमतीला मिळते ना, तिचे खापरपणजोबा हे पत्रे. आणि तिसरी युक्ती तर फुकटच. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक रुतत नाही.

१९४० मध्ये युद्ध वाळवंटात पोचलं तेव्हा याच बॅग्नोल्डने कैरोत 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला, आणि सुट्टीतले हे सगळे उद्योग लष्कराच्या कामी आले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. यातला एकही बदल 'लुक'साठी नव्हता. प्रत्येकामागे आधी एक नेमकी अडचण होती. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट आधी, कोड नंतर.

४९ दिवसांची गाडी

आता जीप. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी हवी होती, आणि नमुना द्यायला मुदत होती फक्त ४९ दिवसांची! (आमच्या मॅनेजरला हे सांगू नका.) अमेरिकन बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला हाताशी धरलं. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पण बँटमचा जीव लहान. मोठं काम गेलं विलीज-ओव्हरलँड आणि फोर्डकडे. दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० अश्वशक्ती. आज एखादी छोटी हॅचबॅकही याहून जास्त देते.

जीपची खरी मजा तिच्या साधेपणात होती. सपाट पत्रा, उघडी चासी, नट-बोल्ट समोर दिसणारे. झाकून ठेवलेलं काहीच नाही. म्हणजे ओपन सोर्सच की! आणि सोर्स हातात आला की लोक बदल करणारच.

सैनिकांनी ते लगेच केले. सुरुंगापासून वाचायला पायाखाली वाळूच्या पिशव्या रचल्या. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश एसएएसच्या लोकांनी तर समोरच्या जाळीच्या पट्ट्याच कापून टाकल्या, का, तर रेडिएटरला जास्त हवा लागावी. पुढे बॅग्नोल्ड छाप वाफेचा डबा, मागे जेरिकॅनची चळत आणि जुन्या विमानांवरून उतरवलेल्या मशीनगन. जुलै १९४२ मध्ये अशा १८ जीपा घेऊन त्यांनी रात्रीच्या अंधारात सिदी हनेशच्या जर्मन विमानतळावर धाड घातली होती.

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते एका साध्या लोखंडी पट्टीने. युद्धाचे जुने फोटो पाहिलेत तर दिसेल, काही जीपांच्या पुढच्या बंपरवर मधोमध एक उभा अँगल वेल्ड केलेला असतो, वरचं टोक थोडं पुढे वाकवलेलं. मला आधी वाटलं अँटेना असेल. तर नाही. सैनिक जीपची पुढची काच आडवी पाडून गाडी चालवायचे, कारण उन्हात काच चमकली की शत्रूला लांबून दिसते. हे ओळखून जर्मन सैनिक माघार घेताना रस्त्यावर गळ्याच्या उंचीला आडवी तार ताणून ठेवायचे. वेगात येणाऱ्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. कुणीतरी वर्कशॉपमध्ये अँगलचा एक तुकडा उचलला आणि बंपरवर डकवला. तार आधी अँगलला अडकायची, खोबणीत जाऊन तुटायची, मान वाचायची.

माझ्या मते जगातलं सगळ्यात भारी स्वस्त मॉडिफिकेशन हेच. भंगारातलं चार-पाच फूट लोखंड आणि थोडं वेल्डिंग, बदल्यात ड्रायव्हरचा जीव.

एसयूव्ही म्हणजेच मॉडिफाइड जीप

युद्ध संपलं आणि जगभर जीपा उरल्या. मग काय, ज्याला जे हवं ते त्याने जोडलं.

इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स स्वतःच्या शेतावर लष्करातून निघालेली जीप वापरायचा. ही मोडली की पुढे काय, या प्रश्नातून १९४७ मध्ये त्यांनी जीपच्याच चासीवर एक नमुना बनवला, स्टिअरिंग चक्क मधोमध! १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर आली. तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची का, तर तेव्हा ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं. आज श्रीमंतीची खूण मानली जाणारी ही गाडी मुळात टंचाईतला जुगाड होता, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं :)

फिलिपिन्समध्ये अमेरिकनांनी मागे ठेवलेल्या जीपा लोकांनी लांब केल्या, वर छप्पर घातलं, आत समोरासमोर दोन बाकं टाकली आणि बाहेरून भडक रंग दिले. झाली जीपनी. लिओनार्दो साराओ यांनी १९५३ मध्ये मनिलाजवळ जीपनी बनवायचं वर्कशॉप सुरू केलं आणि त्या देशाची सार्वजनिक वाहतूक पुढची कित्येक दशकं या गाड्यांवर चालली.

आणि आपल्याकडे? २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव झालं महिंद्रा अँड महिंद्रा. विलीजच्या जीपा सुट्या भागांत आणून जोडायचं काम १९४७ मध्ये सुरू झालं, आणि मग मुंबईत माझगावला जीपा तयार होऊ लागल्या. १९५३ मध्ये विलीजने नवं इंजिन आणलं, त्यात हवा घेणारा व्हॉल्व्ह वर डोक्यात होता. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. तीच आपली 'हाय बॉनेट' जीप. जुन्या सिनेमात फौजदार ज्या जीपमधून उतरायचा, ती. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे त्याचे वंशज पुढे कितीतरी वर्षं बनत राहिले.

लिलावात निघालेल्या लष्करी गाड्यांना आपल्याकडे 'डिस्पोजल'च्या जीपा म्हणतात. पंजाबच्या सीमेवर हरियाणातल्या मंडी डबवालीत तर अशा सुट्या भागांतून नव्याने जीप उभी करून द्यायचा धंदाच उभा राहिला. महाराष्ट्रात एवढी मोठी मंडी नव्हती. पण आमच्याकडे वडाप होतं.

वडाप नावाची प्रयोगशाळा

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्यांना वडाप समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: एसटी येत नाही तिथे, किंवा येते पण तुम्हाला हवी तेव्हा येत नाही तिथे, माणसं भरून धावणारी जीप म्हणजे वडाप. कायद्यात बसत नाही, पण बाळंतीण दवाखान्यात पोचायची ती त्यातूनच.

मामाची जीप हाय बॉनेट होती. सरकारी खात्याच्या लिलावातून सुटलेली, दोन-तीन मालक पचवून त्याच्याकडे आलेली. मूळची पेट्रोल. आता पेट्रोल जाळून माणशी दोन-तीन रुपयांत वडाप कसं परवडणार? म्हणून कराडच्या एका मिस्त्रीने तिच्यात मॅटॅडोरचं जुनं डिझेल इंजिन बसवलं. बसवलं म्हणजे नुसतं उचलून ठेवलं असं नाही. डिझेल इंजिन वजनाला जड, त्यामुळे पुढचे पाटे बसले. मग एक जादा पाटा घातला. तर गाडी कडक झाली, खड्ड्यात दात वाजायला लागले. डिझेल फार फिरत नाही, त्यामुळे सपाटीला वेग कमी, पण घाटात ओढ जबरदस्त. इंजिनाच्या थरथरीने बॉडीचे वेल्ड सुटायचे, ते दर पावसाळ्याआधी पुन्हा मारायचे. एक बग फिक्स केला की दोन नवे, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मामाच्या अंगणात शिकलो.

मग छप्पर. पाइपाचा सांगाडा, वर ताडपत्री, पुढे पत्रा. मागे समोरासमोर दोन बाकं, जीपनीत होती अगदी तशीच. मनिलाच्या आणि पाटणच्या मिस्त्रीने एकमेकांचं तोंडही पाहिलं नसेल, पण प्रश्न एकच म्हणून उत्तरही एकच. मागे उभं राहायला लोखंडी पायरी, टपावर कॅरिअर. या सगळ्यात मिळून पंधरा-सोळा माणसं, दोन करडं आणि शेवग्याची मोळी मावायची. मी स्वतः त्या पायरीवर लोंबकळत गेलोय आणि तेव्हा ते आनंदाचं शिखर वाटायचं. आज माझी मुलगी शाळेच्या व्हॅनमध्ये बेल्ट न लावता बसली तरी माझा जीव वर-खाली होतो. असो.

आणि पुढे होता गार्ड.

गार्डची गोष्ट

बुल बार ही मुळात ऑस्ट्रेलियाची प्रसिद्ध केलेली वस्तू. तिथे आतल्या भागात शेकडो किलोमीटर वस्ती नाही, संध्याकाळी कांगारू एकदम रस्त्यावर उडी मारतो, मोकाट गुरं असतात. धडकेत रेडिएटर फुटला तर माणूस अडकलाच. म्हणून इंजिनापुढे लोखंडी पिंजरा. तिथे तो गरजेतून आला, अगदी त्या तार तोडणाऱ्या अँगलसारखाच.

आपल्याकडे आला तो मात्र बहुतेक कॉपी-पेस्ट होऊन. मामाने तो का लावला? थोडं म्हशींसाठी, हे खरं. पण खरं कारण म्हणजे स्टँडवरच्या सगळ्या जीपांना होता. बोअरच्या उरलेल्या दोन इंची पाइपाचा, कोपरे बाहेर काढलेला, वेल्डिंगची मजुरी तेवढी दिली. मला तो फार आवडायचा. गाडीला मिशी असल्यासारखी दिसायची.

१९९६ चा पावसाळा. मी दहा वर्षांचा, पुढच्या सीटवर मामाशेजारी. संध्याकाळची वेळ, झिमझिम पाऊस, गाडीचा वेग फार तर वीस. एक दूधवाले काका सायकलवर दोन्ही बाजूंना कॅन लावून पुढे चालले होते. खड्डा चुकवायला ते आत वळले आणि मामाने ब्रेक दाबला. गाडी जवळजवळ थांबलीच होती. पण गार्डचा बाहेर आलेला कोपरा त्यांच्या मांडीला लागला. आवाज फार झाला नाही. दूध मात्र सगळीकडे, आणि त्यात पावसाचं पाणी.

मांडीचं हाड मोडलं होतं. त्याच जीपच्या बाकावर झोपवून मामाने त्यांना कराडला नेलं. माणूस वाचला, पण पुढे कायम लंगडत राहिला. मामाने वर्षभर औषधपाण्याचं बघितलं. पोलिसात काही गेलं नाही, गावातल्या गावात मिटलं.

त्या रात्री गावची माणसं जीपभोवती जमली. कुणीतरी बॅटरी मारून गार्ड पाहिला आणि कौतुकाने म्हणालं, "गाडीला ओरखडाबी न्हाय बगा!" मामा काही बोलला नाही. माणसं पांगल्यावर त्याने हॅकसॉ काढला. गावात गॅस कटर नव्हता. मी बॅटरी धरली आणि तो दोन-अडीच तास पाइप कापत बसला. तीन पाती मोडली.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या जीपचा मूळ बंपरही पोलादीच होता. गार्ड नसता तरी लागलं असतं, कदाचित कमी, कदाचित पायाला धक्का बसून भागलं असतं. मी हे मामाला मोठेपणी एकदा बोललोही. तो म्हणाला, "आसंल. पन त्यो बंपर कंपनीनं लावला हुता. गार्ड म्या लावला."

कायदा काय म्हणतो

त्या गार्डमागचं इंजिनिअरिंग मला कळलं ते खूप नंतर. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी बनवलेला असतो. धडकेची ऊर्जा पत्रा चेपण्यात खर्च व्हावी, आतल्या माणसापर्यंत कमी पोचावी. एअरबॅगचे सेन्सरही याच हिशोबाने बसवलेले असतात. मिलिसेकंदांचा खेळ आहे सगळा. पुढे जाड पाइप लावून तो थेट चासीला बोल्ट केला की हा हिशोब बिघडतो. धक्का सरळ चासीत, एअरबॅग उघडायची वेळ चुकू शकते. आणि गाडीसमोर पायी चालणारा किंवा सायकलवरचा माणूस असेल तर त्याला चेपणारा पत्रा मिळत नाही, मिळतो पाइप. म्हणजे आतल्याचंही नुकसान, बाहेरच्याचंही. युरोपने २००५ मध्ये अशा गार्डसाठी पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम केले. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं.

यामागचं कलम आहे मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं ५२ वं. २००० साली ते कडक झालं. कंपनीने ठरवलेले आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने करायचा नाही. मान्यताप्राप्त किट लावून इंधन बदलण्यासारख्या गोष्टींना वाट आहे, पण ती परवानगीने. केरळातून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. या हिशोबाने मामाची जीप आज नखशिखांत बेकायदा!

जीपप्रेमी यावर चिडतात, आणि मला त्यांचं थोडं पटतंही. ज्या गाडीचा सगळा इतिहासच लोकांनी केलेल्या बदलांचा आहे, तिला हात लावायचा नाही म्हणजे काय? पण हेही खरं की वाळवंटात बॅग्नोल्डचा डबा फुटला असता तर तहानेने मेला असता बॅग्नोल्डच. तारेचा अँगल तुटला असता तर मान गेली असती ती बसवणाऱ्याचीच. मामाच्या गार्डचा हिशोब वेगळा होता. लावला मामाने, लागला दूधवाल्या काकांना.

मला वाटतं इतिहासातले हे सगळे जुगाड तपासायला एवढा एक प्रश्न पुरे आहे. हे चुकलं तर किंमत कोण देणार? मी, की रस्त्यावरचा दुसरा कुणी?

मग मी काय केलं?

तर हा प्रश्न घेऊन नाना पेठेतली यादी पुन्हा वाचली. गार्ड बाद. टपावरचा एलईडी बार बाद, समोरच्याचे डोळे दिपतात. मोठे टायर बाद, कारण टायरचा व्यास वाढला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि ब्रेकलाही जास्त काम पडतं. स्नॉर्केल? पुण्यात पावसाळ्यात उपयोग होईल असं वाटलं खरं, पण बायकोकडे बघून तोही बाद.

मग खरी अडचण काय होती? रात्री घाटात दिवे मंद वाटत होते. दुकानदाराचं उत्तर होतं १०० वॅटचा बल्ब. पण मल्टिमीटर लावून बघितलं तर बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बपाशी जेमतेम १२! मधले व्होल्ट खात होत्या बारीक, जुन्या झालेल्या वायरी आणि स्विच. हॅलोजन बल्बचं असं असतं की व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. अशात १०० वॅटचा बल्ब लावला तर त्याच बारीक वायरींतून जवळजवळ दुप्पट करंट जाणार, म्हणजे वायर वितळणार, रिफ्लेक्टर जळणार, आणि समोरचा आंधळा होणार ते वेगळंच.

म्हणून रविवारी दोन रिले आणले, जाड तांब्याची वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज. आता जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, खरा करंट बॅटरीतून जाड वायरीने सरळ बल्बला जातो. बल्ब तोच, कंपनीचाच ६०/५५ वॅटचा. बल्बपाशी आता १३.४ व्होल्ट. शेवटी दिव्यांचा रोख भिंतीवर मोजून खाली केला. खर्च हजाराच्या आत. (एक सूचना: नव्या गाड्यांमध्ये दिवे संगणकाच्या ताब्यात असतात, तिथे असले उद्योग करू नका, आणि वॉरंटी चालू असेल तर मुळीच नको.)

बाकी डिकीत पायाने दाबायचा हवेचा पंप, प्रेशर गेज, ओढायचा दोर आणि दोन गोणपाटं. चिखलात रुतली तर हवा कमी करायची, चाकाखाली गोणपाट सरकवायचं, बाहेर आलं की पुन्हा हवा भरायची. बॅग्नोल्डसाहेबांचाच वारसा, फक्त पोलादाऐवजी ज्यूट. आणि मागच्या बंपरला लाल परावर्तक पट्टी, तिला काहीच लागलं नाही म्हटलं तरी चालेल.

गाडीला लुक काही आला नाही. सोसायटीत कुणी विचारलंही नाही.

गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. रात्री गाडी काढून मामाला दिवे दाखवले. आता सत्तरी उलटली आहे त्याची. तो गाडीपुढे गेला, उजेडात उभा राहिला, मग हळूच गुडघे वाकवून सायकलवर बसलेल्या माणसाच्या उंचीला आला आणि तिथून दिव्यांकडे बघत राहिला. डोळ्यांवर हात घ्यावा लागला नाही.

"ब्येस हाय," म्हणाला आणि जेवायला आत गेला.